पंचावन्न मीटर : मोजलेले की मानलेले?

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेत आमच्या संघाला शेवटचा प्रश्न आला : 'जगातील सर्वांत लांब प्राणी कोणता?' क्षणाचाही विलंब न लावता मी 'निळा देवमासा' असे उत्तर दिले. परीक्षकांनी नकारार्थी मान हलविली. त्यांच्या कागदावरचे उत्तर होते, 'बूटलेस कृमी, लांबी ५५ मीटर'. दोन गुणांनी फिरती ढाल गेली. परतीच्या एस.टी.त माझ्याशी कोणी फारसे बोलले नाही.

मी तर्कशास्त्राचा विद्यार्थी. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला. पण हा कृमी काही डोक्यातून जाईना. मी हरलो ते नेमके कशापुढे, एवढे तरी कळावे, म्हणून वाचू लागलो. त्या वाचनातून हाती आलेले थोडे येथे मांडीत आहे.

हा प्राणी कोणता?

बुटाच्या नाडीवरून नाव मिळालेल्या या कृमीचे शास्त्रीय नाव लिनेयस लाँगिसिमस. लिनेयस हे वंशाचे नाव, लाँगिसिमस हे जातीचे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच 'अतिशय लांब'. या वंशाच्या जाती अनेक समुद्रांच्या किनाऱ्यांवर आढळतात. सारे सागरी. त्यांना रिबन कृमी म्हणतात. परंतु माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमीशी त्यांचा घोटाळा करू नये. पट्टकृमी परोपजीवी, तर लिनेयस स्वतः शिकार करणारा. त्याच्या अन्ननलिकेच्या वर एका स्वतंत्र पोकळीत लांब शुंड गुंडाळलेली असते. भक्ष्य जवळ येताच हातमोज्याचे बोट उलटे करावे तशी ती बाहेर फेकली जाते आणि भक्ष्याला वेढते.

लाँगिसिमस ब्रिटन व नॉर्वेच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या रेषेजवळ, दगडांखाली व चिखलात राहतो. रंग तपकिरी ते काळसर. रुंदी जेमतेम ५ ते १० मिलिमीटर. अंगावर बुळबुळीत चिकट द्रवाचा जाड थर असतो. या द्रवातील विषारी द्रव्ये स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. खेकडे व झुरळे यांना ती लुळी करतात. लांबी सामान्यतः ५ ते १५ मीटर. मग ५५ मीटर आले कोठून?

सेंट अँड्र्यूजचा गुंता

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावाच्या किनाऱ्यावर १८६४ मध्ये एका वादळानंतर असा एक कृमी वाहून आला. तो पाहिला विल्यम मॅकिंटॉश यांनी. पेशाने ते वैद्य. पण सागरी कृमींचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. ब्रिटिश कृमींवरील त्यांच्या ग्रंथाचा रिबन कृमींविषयीचा भाग १८७३-७४ मध्ये निघाला. त्यातील रंगीत चित्रांमागे त्यांची बहीण रॉबर्टा हिचा हात होता.

या ग्रंथात मॅकिंटॉश लिहितात त्याचा आशय असा : काचपात्रातील तो कृमी तुटू न देता ३० यार्ड मोजला; तरीही गुंता निम्मासुद्धा सुटलेला नव्हता. बस्स, एवढेच.

३० यार्ड म्हणजे २७.४ मीटर. निम्मा सुटला नव्हता, म्हणून दुप्पट करा : ५४.९ मीटर. पूर्णांकात ५५. प्रश्नमंजूषेच्या कागदावरचा आकडा तो हाच! ५५ मीटर कोणी मोजलेच नव्हते. जे प्रत्यक्ष मोजले गेले, ते मोठ्या निळ्या देवमाशाच्या सुमारे ३० मीटर लांबीपेक्षा कमीच भरते.

खरे सांगतो, हे कळले तेव्हा मला आनंद झाला. आपण जिंकलोच होतो, असे संघातल्या मित्रांना सांगायला मी धावलो. परंतु वर्गात शिकलेले न्यायदर्शन आडवे आले.

प्रत्यक्ष, अनुमान, शब्द

ज्ञानाची साधने म्हणून न्यायदर्शन चार प्रमाणे मानते : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द. मॅकिंटॉश यांचे ३० यार्ड हे प्रत्यक्ष. उरलेल्या गुंत्याविषयीचे त्यांचे म्हणणे हे त्यांचे अनुमान. परीक्षकांच्या कागदावरचा आकडा मात्र शब्द. कोणी तरी सांगितले म्हणून मानलेला. या तीन पायऱ्या चढताना 'निम्माही नव्हता' हे शब्द गळले आणि आकडा तेवढा उरला.

म्हणून अनुमान खोटे ठरते काय? नाही. डोंगरावर धूर पाहून अग्नी मानणारा मनुष्य अग्नी पाहत नाही, तरी चुकतोच असे नाही. प्रश्न असतो व्याप्तीचा. येथे व्याप्ती अशी हवी : उरलेला ढीग सुटलेल्या भागाहून मोठा असेल, तर त्याची लांबीही अधिक असते. दोरीच्या बाबतीत हे खरे आहे. लिनेयसच्या बाबतीत?

या कृमीच्या अंगाभोवती बारीक तंतू दोन्ही दिशांनी तिरपे गुंडाळलेले असतात आणि त्यांची एक जाळी बनते. क्लार्क व कावी या अभ्यासकांनी १९५८ मध्ये या जाळीची भूमिती मांडली. बाजारात नेतो ती जाळीची पिशवी आठवा. ओढली की लांब व अरुंद होते, सोडली की आखूड व रुंद. जाळीचा दोरा मुळीच ताणला जात नाही. बदलतो तो त्याचा तिरपेपणा. कृमीही असाच कित्येक पट लांब व आखूड होऊ शकतो. तेव्हा सोडवताना ओढला गेलेला भाग लांबलेला आणि पात्रातला भाग आकसलेला असणे शक्य आहे. तसे असेल, तर मोजलेले ३० यार्डसुद्धा कोणत्या अवस्थेतले, असा प्रश्न उरतो. जिवंत लिनेयसला एकच एक लांबी नसते, हे मला त्या दिवशी उमगले. माझा आनंद ओसरला. परीक्षकांचे उत्तर पक्के नव्हते. पण माझेही नव्हते.

याच वंशातील लिनेयस सँग्विनियस या जातीच्या कृमीचे तुकडे झाले, तर तुकड्यांतून नवे कृमी तयार होतात. तेथे 'एक प्राणी' कोणाला म्हणावे, हेही बघावे लागते. २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या खोल समुद्रात एक प्रचंड सायफोनोफोर दिसला. त्याच्या नुसत्या बाहेरच्या वेढ्याची लांबी सुमारे ४७ मीटर असावी, असा अंदाज केला गेला. पुन्हा अंदाजच! शिवाय तो असंख्य लहान घटकांची वसाहत.

शेवटी

फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिये यांनी १८१७ मध्ये याच लांब कृमीला नेमर्टीस असे नाव दिले होते. लिनेयस हे १८०६ चे नाव आधीचे म्हणून टिकले. पण या साऱ्या संघाचे नेमर्टिया हे नाव नेमर्टीसवरूनच आले. ग्रीक पुराणातील ती एक सागरकन्या. तिच्या नावाचा अर्थ 'अचूक, सत्य सांगणारी' असा आहे. मला वाटते, मॅकिंटॉश त्या नावाला जागले. मोजले तेथे आकडा दिला. मोजले नाही तेथे तसे सांगितले. चूक झाली ती पुढच्यांची, आकडा उचलून वाक्य मागे टाकणाऱ्यांची.

परीक्षेच्या टिपणवह्यांतून आपणही हेच करतो. सन पाठ करतो, आकडे पाठ करतो. ते कोणी व कसे जाणले, हे विचारीत नाही. तो प्रश्न आज पुन्हा आला तर मी म्हणेन, 'लिनेयस लाँगिसिमस असू शकेल. २७ मीटर मोजल्याची नोंद आहे, पुढचे अनुमान आहे.' एवढ्या लांब उत्तराला प्रश्नमंजूषेत गुण मिळणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. ढाल पुन्हा गेली तरी चालेल.