प्लॉटवरचे पावसाचे पाणी: काय करावे, काय टाळावे

पुणे आणि 2020ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू असलेल्या इतर शहरांतील विकसक, आर्किटेक्ट, ठेकेदार आणि सोसायट्यांसाठी.

काय करावे

- खरेदीखतावर सही करण्याआधी गाव नकाशा, सिटी सर्व्हेचा नकाशा आणि विकास आराखडा शेजारी-शेजारी ठेवून ओढा शोधा. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी घळही ओढाच असते.
- जागा एकदा भर पावसात पाहा आणि पाणी कुठवर चढते ते आसपासच्या जुन्या रहिवाशांना विचारा. दलालाला विचारू नका.
- नदीकाठी जमीन असेल तर जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर आखून घ्या.
- निळ्या रेषेच्या आत बाग, पार्किंग, मोकळे मैदान एवढेच धरा. निळ्या-लाल रेषांमध्ये परवानगी मिळालीच, तर बांधकाम लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर वर घ्या.
- कंटूर नकाशा हातात आल्यावरच लेआउट काढा. आधी इमारती बसवून उरल्यासुरल्या जागेत गटार कोंबू नका.
- पाण्याचा हिशेब लिटरमध्ये मांडा: 1,000 चौरस मीटर गच्चीवर तासात 50 मिलिमीटर पाऊस झाला, की 50,000 लिटर, म्हणजे 10 हजारी पाच टँकर, एका तासात खाली येतात.
- 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजल पुनर्भरण बंधनकारक आहे. त्याची जागा पहिल्याच नकाशात दाखवा, भोगवटा प्रमाणपत्राच्या आदल्या आठवड्यात नव्हे.
- शोषखड्डा ठरवण्याआधी चाचणीचा खड्डा खणून पाण्याने भरा आणि किती वेळात जिरते ते पाहा. खाली अखंड काळा कातळ लागला, तर तो शोषखड्डा नसून नुसता हौद होतो.
- शोषखड्ड्यात तळाला मोठे दगड, मध्ये खडी, वर जाड वाळू भरा. वरची वाळू दरवर्षी काढून धुवा.
- खड्डा भरून वाहणार हे गृहीत धरा आणि वरचे पाणी पावसाळी गटाराला जोडा.
- बोअरवेल भरणार असाल तर गाळणी बसवा आणि पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व्ह ठेवा. गच्चीवरची कबुतरांची घाण त्यातच असते.
- खोदाई सुरू होण्याआधी साइटच्या सखल कोपऱ्यात गाळखड्डा घ्या. बाहेर पडणाऱ्या डंपरची चाके धुऊनच सोडा.
- बेसमेंटच्या रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा आणि आडवे जाळीचे गटार करा. उपसा पंप जनरेटरवर घ्या, कारण वीज नेमकी तेव्हाच जाते.
- चेंबर आणि जाळ्या मे संपण्याआधी साफ करा. जूनमध्ये नाही.
- सोसायटीला ताबा देताना पावसाळी गटारांचा नकाशाही द्या. कोणते चेंबर कुठे आहे, हे वॉचमनलाही माहीत हवे.

काय टाळावे

- ओढा बुजवू नका, अरुंद करू नका. महापालिकेच्या परवानगीने तो सरळ केला, तरी प्लॉटमध्ये शिरण्याची आणि बाहेर पडण्याची त्याची जागा बदलता येत नाही.
- ओढ्यावर स्लॅब टाकून वर गाड्या लावू नका. खालचा गाळ काढायला मग जेसीबी जाणार कुठून?
- ओढ्याला आडवी सीमाभिंत बांधू नका. पाणी आधी तुंबते आणि मग भिंतीसकट खालच्या वस्तीत शिरते. (25 सप्टेंबर 2019ची पुराची रात्र पुण्यातल्या आंबिल ओढ्याकाठच्या कुणालाही विचारा.)
- रस्त्यासाठी ओढ्यात दोन पाइप टाकून वर मुरूम पसरू नका. एक ओंडका अडकला की ते धरण होते.
- भराव टाकून आपला प्लॉट उंच आणि शेजारचा खड्ड्यात, असे करू नका.
- गच्चीचे पाइप ड्रेनेजला जोडू नका. ते पाणी तळमजल्याच्या संडासातून वर येते.
- उलटही नको: सांडपाणी पावसाळी गटारात सोडू नका, ते थेट नदीत जाते.
- राडारोडा ओढ्याकाठी ‘तात्पुरता’ ठेवू नका. तात्पुरता ठेवलेला राडारोडा कुणी उचललेला पाहण्यात नाही.
- मिक्सरचे धुवण गटारात सोडू नका. सिमेंट आत घट्ट बसले की पाइपच बदलावा लागतो.
- खाली काँक्रीटचा थर, वर पेव्हर ब्लॉक, आणि अर्जात ‘पाणी मुरणारी जागा’, ही लबाडी करू नका.
- टेकडीचा उतार पावसाळ्यात तोडू नका. झाडे आधीच काढली असतील तर मुळीच नको.
- रस्त्यावर पाणी तुंबले म्हणून मॅनहोलचे झाकण कधीही उघडू नका. ऑगस्ट 2017मध्ये मुंबईत अशाच उघड्या मॅनहोलने एका नामवंत डॉक्टरांचा जीव घेतला. महापालिकेला कळवा आणि माणसे येईपर्यंत तिथे कुणाला फिरकू देऊ नका.
- काढलेला गाळ गटाराच्या काठावर रचू नका. पहिल्याच सरीत तो परत आत जातो.
- ‘गेल्या वर्षी नाही आले पाणी’ हे कारण सभेत ऐकून घेऊ नका.
- भोगवटा प्रमाणपत्र मिळाले म्हणून शोषखड्डे बुजवून पार्किंग वाढवू नका. पुनर्भरणाची व्यवस्था चालू नसेल, तर दर 100 चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला 1,000 रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते, आणि ती बिल्डर नव्हे, सोसायटी भरते.