नित्य योगाभ्यास आणि व्यक्तिमत्त्वाची घडण

योगासने म्हटली की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे शरीराची अवघड वळणे उभी राहतात, आणि समारंभांतील प्रात्यक्षिकांनी हा समज अधिकच दृढ केला आहे. वस्तुतः पतंजलींनी योगसूत्रांत आसनांना फारच थोडी जागा दिली आहे. अभ्यासाचा विचार मात्र त्यांनी पहिल्याच पादात केला असून, दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदरपूर्वक केलेला अभ्यासच दृढमूल होतो, असे सांगितले आहे. यांपैकी आदराची अट बहुधा विस्मरणात जाते. या अटी एका माणसाच्या आयुष्यात कशा उतरतात हे पाहावयाचे असेल, तर योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे चरित्र अभ्यासण्याजोगे आहे.

कर्नाटकातील बेळ्ळूर या खेड्यात १९१८ साली, इन्फ्लुएंझाच्या साथीच्या काळात त्यांचा जन्म झाला. हिवताप, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांनी त्यांचे बालपण व्यापले होते. १९३४ मध्ये ते म्हैसूरला आपल्या बहिणीचे यजमान टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे गेले व तेथे त्यांना योगाचे पहिले धडे मिळाले. १९३७ साली गुरूंनी त्यांना अवघ्या सहा महिन्यांसाठी पुण्यास शिकविण्याकरिता धाडले. ते पुढे आयुष्यभरासाठी पुणेकर झाले.

तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. मराठी येत नव्हते, प्रकृती यथातथाच होती, आणि समोरचे विद्यार्थी वयाने, शिक्षणाने व शरीरसामर्थ्याने त्यांच्याहून सरस होते. दोन वेळच्या जेवणाचीही भ्रांत असे. अशा स्थितीत उपाय एकच होता. जे शिकवावयाचे ते आधी स्वतः तासन् तास करून पाहणे, कोठे दुखते, कोठे तोल जातो, हे बारकाईने न्याहाळणे. स्वतःच्या शरीरावर केलेल्या या निरीक्षणांतूनच त्यांची अध्यापनपद्धती आकारास आली. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात आसनांची सुमारे सहाशे छायाचित्रे आहेत. पुढे जगभर शिष्य मिळाले, १९७५ मध्ये पुण्यात संस्था उभी राहिली, २०१४ मध्ये पद्मविभूषण हा सन्मानही लाभला.

पण या कीर्तीपेक्षा अधिक बोधप्रद आहे तो १९७९ नंतरचा काळ. त्या वर्षी झालेल्या स्कूटरच्या अपघातांत त्यांच्या शरीरास गंभीर इजा झाली. वयाच्या साठीत, चार दशकांच्या परिश्रमाने साध्य झालेली आसने अशक्य झाली. जगाला शिकविणाऱ्या या गुरूने मग नवशिक्याप्रमाणे पुन्हा प्रारंभापासून सुरुवात केली. दोर, ठोकळे, लोड, खुर्ची ही साधने त्यांनी अशक्त व रुग्ण विद्यार्थ्यांसाठी उपयोगात आणली होती. आता तीच त्यांच्याही कामी आली. ही वाटचाल काही वर्षांची होती. नव्वदी ओलांडल्यावरही त्यांचा नित्याभ्यास सुटला नव्हता. २०१४ साली ते निवर्तले.

अशा अभ्यासाने माणसात नेमके काय बदलते? ताडासनाचेच उदाहरण घ्यावे. दोन्ही पावले जुळवून ताठ उभे राहणे, एवढेच ते दिसते. पण लक्ष देऊन उभे राहिल्यास भार एकाच पायावर जातो, खांदे वर चढतात, श्वास अडतो, हे ध्यानी येऊ लागते. इतकी वर्षे आपण वाकडे उभे होतो याची जाणीव होणे, हा लहानसा धक्काच असतो. रोज श्वासाकडे पाहणाऱ्यास कार्यालयात वा ग्रामसभेत वाद पेटला असता आपला श्वास जलद झाल्याचे क्षणभर आधी उमगते, आणि तेवढा क्षण उत्तर आवरण्यास पुष्कळदा पुरतो. शिक्षकास या क्षणाचे मोल अधिक सांगावयास नको.

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला व २०१५ पासून तो साजरा होत आहे. शाळांची पटांगणे त्या सकाळी भरून जातात. २२ जूनला सतरंजी पुन्हा अंथरली जाते काय, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. ठरलेली वेळ, मोकळी हवेशीर जागा, रिकामे पोट आणि पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत. ताडासनाने आरंभ व शवासनाने शेवट करावा. मध्ये झेपतील तेवढीच दोन-चार आसने घ्यावीत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये, नेहमीइतकेच करावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार वा मानेचे दुखणे असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून प्रारंभ करू नये, चालू औषधे बंद करू नयेत, आणि शीर्षासन तर जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकावे.