कॉम्प्युटर पडला तर हिशेब कसा वाचवावा?

खातेवही हातातून पडली तर ती उचलून, धूळ झटकून पुन्हा गादीवर ठेवता येते. कॉम्प्युटरचे तसे नाही. तो टेबलावरून पडला आणि बाहेरून साधा ओरखडाही उठला नाही, तरी त्याच्या पोटातील हार्ड डिस्क कायमची निकामी होऊ शकते. आज आपला बराचसा कारोबार त्या डिस्कमध्येच असतो. जीएसटीची बिले, उधारीची खाती, सूत-बीमचा जमाखर्च, कारागिरांची उचल, भरतकामाच्या डिझाइन्स, सर्व काही एकाच डबीत. कापडाच्या धंद्यात आम्ही हे नेहमी पाहतो की, पडण्याने झालेले नुकसान पुढच्या तासाभरातील उतावळेपणाने दुप्पट होते. म्हणून त्या तासात काय करावे व काय करू नये, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी आधीच शिकून ठेवावे.

डिस्कच्या आत काय असते?

हार्ड डिस्कच्या डबीत एक किंवा अधिक चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. आपला हिशेब त्यांच्यावर चुंबकीय खुणांच्या रूपाने लिहिलेला असतो. तो वाचण्याचे काम एका बारीक दांडीच्या टोकावरील हेड करते. हे हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगते. दोघांमधील अंतर अवघे काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करावा.

कॉम्प्युटर बंद असताना हेड तबकडीपासून बाजूला, आपल्या ठरलेल्या जागी उभे असते. म्हणून बंद डिस्क बराच धक्का सहन करते. चालू असताना पडल्यास मात्र हेड तबकडीवर आपटते. तेथे ओरखडा उठतो, बारीक चुरा उडतो आणि हेड वाकते. अशी डिस्क पुन्हा सुरू केली तर ते वाकडे हेड सेकंदाला ९० ते १२० वेळा त्याच तबकडीवर घासत राहते. पहिल्या आपटीत दहा खाती गेली असतील, तर दहा मिनिटे चालवल्यावर शंभर जातात. पडलेली डिस्क चालू करू नये, असे जे सांगितले जाते त्याचे कारण हे आहे.

नव्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा एसएसडी असते. तिच्यात फिरणारा भागच नसल्याने पडण्याने ती सहसा बिघडत नाही. तरी जोडणी निखळणे किंवा पट्टीला तडा जाणे शक्य असते. आपल्या कॉम्प्युटरमध्ये दोहोंपैकी काय आहे, हे आजच बिलावर पाहून ठेवावे.

पडल्याबरोबर काय करावे?

१. कॉम्प्युटर चालू असेल तर लगेच बंद करावा. ‘अजून चालतो का’ हे पाहण्याचा मोह टाळावा.

२. वायर काढावी. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून बटण दाबून धरावे, म्हणजे तो पूर्ण बंद होतो.

३. घाबरून सर्व गेले असे समजू नये. पडल्याने अनेकदा फक्त रॅम किंवा डिस्कची केबल निखळते, किंवा लॅपटॉपचा स्क्रीन फुटतो आणि आतील डिस्क शाबूत असते. जाणकार कारागिराकडून डबा उघडून जोडण्या तपासाव्यात.

४. डिस्क त्या कॉम्प्युटरमध्ये सुरू करण्याऐवजी काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडावी व एकदाच पाहावे. विंडोज सुरू होताना डिस्कवर सतत काही ना काही लिहिते, ते यामुळे टळते.

आवाजावरून ओळख

मागाचा आवाज ऐकून जसा जॉबर बिघाड ओळखतो, तसाच डिस्कचाही आवाज बोलतो. एकसारखी मंद घरघर आणि फायली दिसत असतील तर नशीब समजावे व ताबडतोब नक्कल करून घ्यावी. ठराविक लयीत टकटक आवाज येत असेल तर बहुधा हेडला आपली जागा सापडत नाही. खरखर आली तर तबकडी खरवडली जात आहे. बारीक बीप येते पण डिस्क फिरत नाही, तेव्हा हेड तबकडीला चिकटलेले किंवा मोटर अडकलेली असते. या तिन्ही बाबतीत त्याच क्षणी वीज बंद करावी. हे काम दुकानात होणारे नाही.

हे मुळीच करू नये

डिस्कची डबी उघडू नये. धुळीचा एक कणही हेडच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो, मग ज्या कारखान्यात कापसाचा तंतू हवेत उडतो तेथे तर विचारूच नये. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना नुस्खा अजून सांगितला जातो. त्याने आत दव जमते आणि उरलेलेही जाते. टपली मारून पाहू नये. दुसऱ्या डिस्कचे सर्किट बसवून पाहू नये, कारण आजच्या बहुतेक डिस्कच्या सर्किटवर त्याच डिस्कची खास माहिती नोंदलेली असते. विंडोजने ‘फॉरमॅट करू का’ असे विचारले तर होय म्हणू नये. चेकडिस्क चालवू नये, ते दुरुस्तीच्या नावाखाली बिघडलेल्या डिस्कवर लिहिते. डेटा परत मिळवण्याचा प्रोग्रामही त्याच डिस्कवर टाकू नये.

डिस्क वाचता येत असेल तर

आधी जे परत मिळणार नाही ते उचलावे. टॅलीचा डेटा फोल्डर, उधारीच्या याद्या, डिझाइनच्या फायली, मग बाकीचे. विंडोज किंवा टॅली प्रोग्राम पुन्हा टाकता येतो, त्यासाठी डिस्कचा जीव खर्चू नये. वाचन अडखळत असेल तर कारागिराला सांगून संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आधी चांगला भाग उचलतो व खराब भागाकडे शेवटी वळतो. पुढची सर्व खटपट त्या प्रतीवर करावी, मूळ डिस्क बाजूला ठेवावी.

प्रयोगशाळेत देताना

डबी उघडायची तर धूळरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेतच द्यावी. देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्याव्यात. तपासणीचे पैसे किती, डेटा न मिळाल्यास काय आकारणार, कोणत्या फायली मिळतील याची यादी पैसे देण्याआधी दाखवणार काय, आणि आपला हिशेब गुप्त राहील काय. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, आतील हिशेब परत देण्याची हमी त्यात धरू नये. लॅपटॉपला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी चावी लागते. बहुधा ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती नसेल तर दुरुस्त डिस्कही उघडणार नाही.

प्रयोगशाळेचा खर्च मोठा असतो. म्हणून काय परत उभे करता येते याचा हिशेब आधी मांडावा. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्री जीएसटी पोर्टलवरील जीएसटीआर-१ मध्ये बिलवार मिळते. खरेदी जीएसटीआर-२बी वरून जुळवता येते. रक्कम बँकेच्या उताऱ्यावरून, मागील वर्षाचा ताळेबंद सीएकडून मिळतो. पण नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराची उधारी, जॉबवर दिलेले मीटर, कारागिराने घेतलेली उचल व त्याची थकलेली मजुरी हे कोणत्याही पोर्टलवर नसते. मालकाचे येणे बुडाले तर तो कदाचित सोसेल. कारागिराची आठवड्याची मजुरी डिस्कबरोबर बुडू नये. ती त्याची अमानत आहे. म्हणून डिस्क प्रयोगशाळेत जाते त्याच दिवशी कारागिरांना व उधारीदारांना बोलवावे, त्यांच्या चिठ्ठ्या, चलाने पाहून कागदावर खाती लिहावीत. आठवडाभरात सर्वांना आकडे आठवतात, महिन्यानंतर वाद सुरू होतात.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. २०१७ च्या नियमांतील नियम ५७ सांगतो की, कॉम्प्युटरवर हिशेब ठेवणाऱ्याने अपघात झाल्यास माहिती परत उभी करता येईल असा बॅकअप ठेवला पाहिजे. तेव्हा ‘कॉम्प्युटर पडला’ ही सबब पुरेशी नाही.

पुढे काय?

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुकानाबाहेर, हा साधा नियम पाळावा. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी पेन ड्राइव्हवर घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात. बाहेरची डिस्क काम झाले की काढून ठेवावी. जेथे शुक्रवारी कारखाना बंद असतो, तेथे गुरुवारी संध्याकाळी मजुरी वाटून झाली की बॅकअप घेण्याची सवय लावावी. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावा, न उघडणारा बॅकअप नसल्यासारखाच. आणि सीपीयूचा डबा किंवा लॅपटॉप ताग्यांच्या थप्पीवर ठेवू नये. तागा पडला तर उचलता येतो. हिशेब पडला तर माणसामाणसांतील भरोसा पडतो, आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेत दुरुस्त होत नाही.