मोसंबीचा चोथा आणि म्हशीचा मुरघास



आपल्या हैदराबादेत उन्हाळा लागला की चौकाचौकात मोसंबीच्या रसाच्या गाड्या उभ्या राहतात. नलगोंडा भागातून येणाऱ्या या मोसंबीला येथे ‘बत्तायी’ म्हणतात. मराठवाड्यात जालन्याची मोसंबी प्रसिद्ध आहे. मोसंबीचा रस काढल्यावर फळाचे जवळजवळ निम्मे वजन साल, चोथा आणि बिया यांच्या रूपाने उरते. हा चोथा एक-दोन दिवसांत आंबतो, त्याला बुरशी येते आणि शेवटी तो कचऱ्यात जातो. याच दिवसांत गावाकडे हिरवा चारा संपलेला असतो. या दोन गोष्टींची सांगड घालता येईल का, ते आज पाहू.

मुरघास म्हणजे काय?

हिरवा चारा बारीक कापून खड्ड्यात किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून भरतात आणि हवाबंद करतात. हवा नसली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात. दुधाचे दही करणारे जिवाणू याच प्रकारचे. ते चाऱ्यातील साखर खाऊन आम्ल बनवतात. सामू सुमारे ४ पर्यंत उतरला की चारा कुजवणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. साधारण दीड महिन्यात मुरघास तयार होतो आणि हवा लागू दिली नाही तर अनेक महिने टिकतो.

चोथ्याचा उपयोग कोठे?

चिकात आलेल्या मक्यात साखर पुरेशी असते. त्याला बाहेरून काही लागत नाही. लसूणघासात प्रथिने भरपूर पण साखर थोडी, त्यामुळे त्याचा एकट्याचा मुरघास सहज बिघडतो. ज्वारीच्या वाळलेल्या कडब्यात तर साखरही कमी आणि पाणीही कमी. अशा चाऱ्याला मोसंबीच्या चोथ्यातील साखर उपयोगी पडते. चोथ्यात पेक्टिनही असते, ते गाई-म्हशींना चांगले पचते. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने अननसाच्या सालीचा व चोथ्याचा मुरघास करून तो मेंढ्यांना आणि दुभत्या गाईंना खाऊ घालून पाहिला आहे.

खरी अडचण पाण्याची

चोथ्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. नुसता चोथा भरला तर पाणी खाली झिरपते, त्याबरोबर पोषक द्रव्येही जातात. आंबट वासाऐवजी घाण, खवट वास येऊ लागतो. मुरघासात ६५ ते ७० टक्के पाणी असावे. आता हे गणित करा:

८० किलो चोथा : पाणी ६४ किलो
२० किलो कडबा (१० टक्के पाणी) : पाणी २ किलो
एकूण १०० किलो मिश्रणात पाणी ६६ किलो, म्हणजे ६६ टक्के.

कडबा जास्तीचे पाणी शोषतो आणि चोथा कडब्याला साखर देतो. दोघांचे उणे एकमेकांनी भरून निघते.

सावधगिरी

ज्याच्या दारात एकच म्हैस आहे, त्याला बिघडलेला खड्डा परवडत नाही. म्हणून चोथा त्याच दिवशीचा, ताजा घ्यावा. बुरशी आलेला चोथा वा मुरघास जनावराला मुळीच देऊ नये. काही बुरशींचे विष दुधातही उतरते. मुरघास सुरुवातीला थोडा द्यावा, मग हळूहळू वाढवावा. एकदम पोटभर दिल्यास पोटात आम्ल वाढून जनावर आजारी पडते. दुसरा चाराही सोबत हवाच.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्या. एकीत फक्त कापलेले हिरवे गवत भरा. दुसरीत गवताबरोबर मोसंबीचा थोडा चोथा मिसळा. हवा दाबून काढा व तोंड घट्ट बांधा. काचेची बाटली वापरू नका, आत वायू तयार होतो. पिशवी फुगली तर वायू काढून लगेच पुन्हा बांधा. तीन आठवड्यांनी रंग, वास आणि सामूपट्टीवरील आकडा वहीत लिहा. चव घेऊ नका.

प्रश्न

१. चोथ्यात ८५ टक्के पाणी असेल, तर १०० किलो मिश्रणात ६६ टक्के पाणी राखण्यासाठी कडबा किती किलो लागेल?
२. लोणच्याच्या बरणीत फोडींवर तेल का ठेवतात? मुरघासाशी तुलना करा.