काचेवरचा फोटो : सुरुवात कुठून?

प्रश्न : चितेगावात राहतो. हौसेने जुना लाकडी कॅमेरा घेतलाय. ओल्या कोलोडियन प्लेटने सुरुवात करू का?

उत्तर : उन्हाळ्यात तरी नको. कोलोडियनमधलं ईथर साधारण ३५ अंशांना उकळतं आणि तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वाफ चटकन पेट घेते, शिवाय डेव्हलप करायच्या आतच प्लेट सुकते. आधी जिलेटिनची कोरडी प्लेट वापरा. १८७१ साली इंग्रज डॉक्टर मॅडॉक्सने ही वाट दाखवली. फोटो आज काढा, डेव्हलप उद्या करा. लाल दिवा पुरतो.

कोलोडियन डिसेंबरात. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून आधी गॉगल घ्या, लेन्सचं नंतर बघू! जुन्या पुस्तकांत फिक्सिंगला पोटॅशियम सायनाइड सांगितलेलं असतं. ते घरात आणूच नका, हायपो (सोडियम थायोसल्फेट) चालतो.

ब्रिटिश काळात मेजर रॉबर्ट गिल यांनी तुमच्याच भागातलं अजिंठा-वेरूळ टिपलं. वास्तुकलेचे इतिहासकार फर्ग्युसन यांच्या १८६४च्या पुस्तकात त्यांचे ७४ फोटो आहेत. लेणी टिपायचा मोह तुम्हालाही होईलच. पण लेण्यांत ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तोवर सकाळच्या उन्हातली अंगणातली भिंत घ्या आणि एकाच प्लेटवर दोन, चार, आठ सेकंदांचे पट्टे काढून पाहा.