घटक ४ : सुईण, दाई, नर्सबाई

शब्दाचा अर्थ काळाबरोबर सरकतो, हे आपण मागील घटकात पाहिले. येथे बाळंतपणाशी निगडित काही शब्द अभ्यासू.

'सुईण' या शब्दाचे मूळ 'प्रसवणे' या अर्थाच्या संस्कृत 'सू' धातूत आहे. 'प्रसूती' आणि 'सूतक' हे त्याच कुळातले. संस्कृतात सूतक म्हणजे मुळात जन्म व त्यामुळे येणारे अशौच. मराठीत ते मृत्यूकडे सरकले आणि जन्माच्या अशौचासाठी 'सोयर' रूढ झाला. 'त्याला कशाचे सोयरसुतक नाही' असे म्हणताना आपण बाळंतिणीची खोली आणि स्मशान एका समासात बांधतो. 'पाचवीला पुजलेले' हा वाक्प्रचारही त्याच खोलीतला.

हे अशौच सुईणीच्या वाट्याला फार येई. नाळ कापणे, वार पुरणे, कपडे धुणे ही कामे अनेक गावांत उपेक्षित जातींतील स्त्रियांकडे असत. अडलेल्या रात्री जिला विनवून घरात आणले, तिलाच पुढे उंबऱ्याबाहेर धान्य व लुगडे मिळे. व्यवसायाचे नाव जन्मावरून पडले, पण समाजाने पाहिला तो विटाळ.

इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या सुईणींना क्रमाक्रमाने बाजूला सारले. आपल्याकडे तिलाच शिकवण्याचा मार्गही अवलंबला गेला. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली आणि १९५२ च्या सामूहिक विकास कार्यक्रमापासून ती खेड्यांत उतरू लागली. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता; १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. हात साबणाने धुणे, नाळेसाठी विळ्याऐवजी नवे पाते वापरणे, एवढ्या शिकवणीनेही नवजात बाळाचा धनुर्वात टळू शकतो. जुन्या सुईणीचे गुणगान करताना हे विसरू नये.

तथापि, कागदोपत्री ती 'अप्रशिक्षित दाई' झाली. 'दाई' म्हणजे मुळात मूल पाजणारी, सांभाळणारी. त्यात नकारार्थी विशेषण जोडले गेले. आडवे मूल हाताने ओळखणाऱ्या स्त्रीची ओळख तिला काय येत नाही यावरून ठरली. पुढे 'नर्सबाई' आली. त्यातील 'बाई' या आदरार्थी पदाकडे लक्ष द्या. 'सुईणबाई' असे आपण क्वचितच ऐकतो. २००५ नंतरची 'आशा' तर आद्याक्षरांतून घडलेली, तरी मराठी कानाला मुलीचे नाव वाटणारी.

स्वाध्याय : चिखली, मेहकर, जळगाव जामोद किंवा आपल्या गावातील सत्तरीपुढील दोन स्त्रियांना भेटा. कळा, वार, नाळ, बाज, शेक यांसाठी त्या कोणते शब्द वापरतात ते त्यांच्याच उच्चारात लिहा. बाळंतपण करणारीला त्या काय म्हणून हाक मारीत, हे अवश्य विचारा.