ओहोटीचा रविवार

चि. बाळ,


तुझं पत्र पोचलं. रत्नागिरीला बदली झाल्यापासून समुद्र दारात आला, पण नोकरी आणि लेकीच्या आजारपणांतून सवड मिळत नाही, आणि कॅमेरा उचलला की घरात धुसफूस होते. समुद्रजीवांसाठी काही करायचं म्हटलं तर संसार आड येतो, असं तू लिहितोस. मला नेमकं उलटं वाटतं.

बुलढाण्यात बसून मामा समुद्राचं काय सांगणार, असं सूनबाई म्हणेल. पण खारा काठ आपल्याकडेही आहे. 2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा देशभर फोटो फिरले. खारटपणा वाढून क्षारात जगणारे सूक्ष्मजीव माजले म्हणून तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. फोटो ढीगभर निघाले. पण पाणी कमळजादेवीच्या देवळापासून किती हटलं, किती चढलं, हे दर महिन्याला एकाच दगडावर उभं राहून टिपणारे किती? अभ्यासकाला असलेच फोटो लागतात. ते काढायला भटका कलावंत नको, एका गावात घर करून राहिलेला माणूस हवा.

म्हणून किनाऱ्याचा एकच खडकाळ तुकडा धर. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तुमच्याकडे उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणजे मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळी. त्या दिवसांना जोडून येणारे रविवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर सूनबाईच्या देखत खूण करून ठेव. बाकीचे रविवार तिचे, त्यात कॅमेऱ्याची बॅग दिसता कामा नये. ओहोटीला लेकीलाही ने. खेकडा तुझ्याआधी तिलाच दिसेल, तिची नजर जमिनीजवळ असते. मापासाठी तिची शाळेची पट्टी शेजारी ठेव, जागा-तारीख लिही, उलटलेला दगड होता तसा परत ठेव. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी 2017 पासून ओहोटीला लोकांना खडकांवर नेऊन अशाच नोंदी करतात, आणि तिथे पोराबाळांसकट लोक येतात.

मासळी घ्यायला मिरकरवाडा बंदरावर जातच असाल, तिथेही एक काम आहे. जाळ्यात सापडलेलं कासव किंवा डॉल्फिन सोडताना जाळं कापावं लागलं, तर 25 हजारांपर्यंत भरपाई देणारी योजना राज्यानं 2018 च्या अखेरीस आणली. त्या भरपाईसाठी फोटोचा पुरावा लागतो. हलत्या होडीत मोबाइल कसा धरायचा, कासव आणि कापलेलं जाळं एका चौकटीत कसं घ्यायचं, एवढं दोन-चार खलाशांना दाखव. तो धूसर फोटो तुझ्या सगळ्या सूर्यास्तांपेक्षा जास्त कामाचा. (सूर्यास्त पाठवणं थांबवलंस तरी चालेल. मामीनं फोन भरल्याची तक्रार केली आहे.)

वेळासला मात्र नक्की जा. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 पासून गावकऱ्यांना हाताशी धरून तिथली कासवांची घरटी राखली. पिल्लं उजेडाच्या दिशेनं समुद्राकडे वळतात, तेव्हा फ्लॅश बंद, आणि आखलेल्या दोरीच्या पुढे पाऊल नाही, कितीही सुंदर चौकट दिसली तरी. ओडिशात 2021 मध्ये बिल्ला लावलेली कासवाची एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. बिल्ल्यावरचा 03233 हा आकडा कोणीतरी नीट वाचला, म्हणूनच ती पूर्व किनाऱ्याची हे कळलं. आपल्या जिल्ह्याचं पाणीही दोन्ही समुद्रांना जातं: पैनगंगेचं बंगालच्या उपसागराला, पूर्णेचं तापीतून अरबी समुद्राला. हे लेकीला नकाशावर दाखव, आपल्या आठवडी बाजारातली प्लास्टिकची पिशवी कुठवर जाऊ शकते तेही कळेल.

पुढची अमावास्या कुठल्या वारी येते ते सूनबाईला विचारून कळव. आम्ही दोघं त्या हिशेबानं तिकडे येऊ, म्हणजे लेकीला सांभाळायला मामी असेल आणि तुम्ही दोघं खडकांवर जाल. पट्टी मी आणतो.

तुझा,
मामा